रहस्यकोड्यांच्या मासिक खोक्यांची वर्गणी: पैसे वसूल होतात का?

मधुमालती, एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरात माझे सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. मागच्या खेपेला डिसेंबर लागला, दुपारी साडेचारलाच अंधारू लागले आणि बर्फामुळे फिरणे बंद झाले, तेव्हा दोघेही अक्षरशः कंटाळून गेले होते. सासरे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि रोजच्या मराठी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवल्याशिवाय त्यांचा दिवस पुढे सरकत नाही. सासूबाई रहस्यकथांच्या वाचक आहेत. म्हणून या वेळी दर महिन्याला घरी येणारा एखादा रहस्यकोड्यांचा खोका (पत्रे, नकाशे, पुराव्याच्या वस्तू पाहून कोडी सोडवायचा खेळ) सुरू करावा, असे माझ्या मनात आहे. आम्ही दोघे, ते दोघे आणि तेरा वर्षांची मुलगी असे पाच जण खेळू.

मी पाहिलेल्या पर्यायांपैकी बहुतेकांची वर्गणी एका खोक्याला तीस डॉलरच्या आसपास आहे. काहींमध्ये एकच खुनाचे प्रकरण सहा महिने चालते, 'फाइंडर्स सीकर्स'मध्ये दर महिन्याला नवे शहर असते, तर 'एस्केप द क्रेट' दोन महिन्यांतून एकदा येतो. माझे प्रश्न असे की, या पैशांत जे मिळते ते खरोखर त्या मोलाचे असते का, खोक्याचा दर्जा ओळखायचा कसा, आणि इंग्रजी वाचता येत असले तरी अमेरिकी बोलीशी फारशी ओळख नसलेल्या ज्येष्ठांना हे जमते का? ते परत गेल्यावर हाच खोका पुण्याला पाठवता येईल का, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

शोधक, बाल्टिमोर

मधुमालतीताई, या नादात मी गेली सहा-सात वर्षे आहे आणि आमच्या तळघरात एक आख्खे कपाट या खोक्यांनी भरलेले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हिशेब. तीस डॉलरवर तुमच्या न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरला की बत्तीस होतात. टपालखर्च वेगळा असेल तर तो आणखी वर. एका खोक्यात सरासरी दीड तासाचे काम असते. टेबलाभोवती पाच जण बसले, तरी आमचा अनुभव असा की प्रत्यक्षात तीनच जण डोके चालवतात, उरलेले दोघे चहा करतात किंवा मोबाइलमध्ये डोके घालतात. म्हणजे माणशी दर तासाला सात डॉलरच्या आसपास खर्च येतो. एस्केप रूमपेक्षा, म्हणजे कोडी सोडवून बंद खोलीतून बाहेर पडण्याच्या खेळापेक्षा, हे स्वस्तच आहे. परंतु दुकानात सुट्या मिळणाऱ्या खेळांशी तुलना केली, तर चित्र बदलते. जर्मनीच्या कॉसमॉस प्रकाशनाची 'एक्झिट' ही मालिका घ्या, जिला २०१७ साली तिथला जाणकारांच्या खेळांसाठीचा पुरस्कार मिळाला. तिचा एक डबा साधारण पंधरा डॉलरला मिळतो आणि तेवढाच वेळ गुंतवून ठेवतो. मात्र त्यात कागद कापावे, दुमडावे लागतात, त्यामुळे तो एकदाच खेळता येतो. त्याहून किफायतशीर म्हणजे 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह' हा १९८१ सालचा खेळ. त्यात लंडनचा नकाशा, पत्त्यांची सूची, त्या त्या दिवसाची वर्तमानपत्रे आणि दहा स्वतंत्र प्रकरणे असतात. पन्नास डॉलरच्या एका डब्यात दहा संध्याकाळी निघतात. माणशी दर तासाला साधारण एकच डॉलर पडतो. शिवाय काहीही फाडावे लागत नसल्याने तो खेळ नंतर दुसऱ्या कुटुंबाला देता येतो.

आता दर्जाविषयी. खोक्यात किती वस्तू आहेत यावरून दर्जा ठरवू नका, कारण नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. पितळी दिसणारी किल्ली, मेणाची मोहर, जुनाट रंगाचा कागद हे सगळे पहिल्या पाच मिनिटांचे सुख आहे. मी कोड्याचे उत्तर पाहतो. चांगल्या कोड्याचे उत्तर हाती लागले की ते स्वतःच सांगते की मी बरोबर आहे. एका खोक्यात आम्हाला हॉटेलचे एक बिल मिळाले होते. त्यातल्या प्रत्येक ओळीची बेरीज थोडी थोडी चुकलेली होती आणि तासभर आम्ही तिला छपाईची चूक समजत होतो. शेवटी माझ्या बायकोने प्रत्येक ओळीतला फरक बाजूला लिहिला, ते आकडे क्रमांक मानून पाहुण्याच्या लांबलचक नावातली त्या त्या क्रमांकाची अक्षरे उचलली आणि त्यांतून माळ्याच्या मुलाचे नाव तयार झाले, जे त्याआधी फक्त एका पत्रात ओझरते आले होते. इतक्या अक्षरांतून योगायोगाने ओळखीचे नाव निघत नाही, त्यामुळे खात्री करण्यासाठी उत्तरपत्रिका उघडावी लागली नाही.

याउलट दुसऱ्या एका महागड्या खोक्यात तीन आकड्यांचे कुलूप लावलेली लाकडी पेटी होती. दिसायला फार देखणी. माझा पुतण्या तिच्याजवळ बसला आणि शून्य-शून्य-शून्यपासून एकेक आकडा फिरवू लागला. एकूण शक्यता हजार. दोन सेकंदांना एक म्हटले तरी पाऊण तासाच्या आत पेटी उघडणारच. ती उघडली आणि ज्या कोड्यातून तो आकडा काढायचा होता, ते कोडे तसेच पडून राहिले. त्या कुलपाचे पैसे आपणच भरलेले असतात, हे लक्षात घ्यावे.

राहिला प्रश्न सहा महिने चालणाऱ्या प्रकरणांचा. आमच्याच मेरीलँडमध्ये २०१६ साली एका मैदानी कार्यक्रमातून सुरू झालेल्या 'हंट अ किलर'ने सहा खोक्यांचा एक हंगाम हा साचा लोकप्रिय केला. कथा लांबल्यामुळे पात्रे मनात घर करतात, हे खरे. पण दोन खोक्यांमध्ये महिना जातो आणि तोवर संशयितांपैकी कोणाचे कोणाशी काय नाते होते, हे कोणालाच आठवत नाही. पुढच्या खोक्याची पहिली वीस मिनिटे जुनी पत्रे पुन्हा वाचण्यात जातात. माझे स्पष्ट मत असे की, हंगाम घ्यायचाच असेल तर पूर्ण हंगाम एकदम घ्यावा, तोही कोणी एकदा खेळून विकायला काढलेला. अशा खोक्यांतले बहुतेक कागद फाडावे लागत नाहीत. विकणाऱ्याला फक्त एवढेच विचारावे की, एकही कागद हरवलेला नाही ना आणि कशावर पेनाने काही लिहिलेले नाही ना.

अनुराधा, शिकागो

शोधक यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त 'पेनाने लिहिलेले नाही ना' यात 'चहा सांडलेला नाही ना' हेही जोडावे. आम्ही वापरलेला एक संच घेतला होता. त्यातल्या टपाल पाकिटावर तपकिरी गोल डाग होता, आणि तो विषप्रयोगाचा पुरावा आहे असे समजून आम्ही चौघांनी अर्धा तास तर्क लढवले. तो आधीच्या मालकाच्या कपाचा डाग होता.

वर्गणीविषयी एक इशारा मात्र द्यायलाच हवा. एका कंपनीची (नाव घेत नाही) सहा महिन्यांची रक्कम मी सवलतीच्या मोहाने एकदम भरली. तीन खोके वेळेवर आले, चौथा दोन महिन्यांनी आला, आणि दरम्यान पुढच्या सहा महिन्यांचे पैसे माझ्या कार्डावरून आपोआप कापले गेले. वर्गणी सुरू करायला एक बटण पुरले होते. थांबवण्यासाठी चार ईमेल आणि एक दूरध्वनी लागला. वर्गणी घेणे जितके सोपे तितकेच ती सोडणेही सोपे असावे, असा नियम फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला होता, परंतु तो पूर्णपणे लागू होण्याआधीच जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हा खबरदारी आपली आपणच घ्यायची. डेबिट कार्ड न वापरता क्रेडिट कार्ड वापरावे, म्हणजे न आलेल्या मालाबद्दल बँकेकडे तक्रार करता येते. पहिला खोका हाती आला की त्याच दिवशी नूतनीकरण बंद करून टाकावे, आवडल्यास पुन्हा सुरू करता येते. सवलत कितीही असो, पहिल्या खेपेला एका महिन्याहून अधिक पैसे भरू नयेत.

वसुधा, डॅलस

वरील दोन्ही प्रतिसादांत हिशेब चोख आहे, पण मूळ प्रश्नातले ज्येष्ठ त्यात हरवले, असे मला वाटले.

माझी आई गेल्या वर्षी चार महिने इथे होती. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, इंग्रजी वर्तमानपत्र ती सहज वाचते. तरीही पहिल्या खोक्यात ती पार गप्प बसली होती. याचे कारण असे की, त्यातली निम्मी कोडी शब्दांच्या उच्चारावर किंवा अमेरिकी बोलण्यातल्या श्लेषावर बेतलेली होती, एक कोडे बेसबॉलच्या गुणफलकावर होते आणि एकासाठी इथल्या शाळांमधल्या प्रथा ठाऊक असणे आवश्यक होते. दुसऱ्या वेळी आम्ही शहरे आणि इतिहासावरचा खोका घेतला. नकाशे, वेळापत्रके, नाणी, इमारतींची चित्रे असे साहित्य आल्यावर तीच आई सर्वांच्या पुढे होती. रेल्वेचे वेळापत्रक पाहून 'हा माणूस त्या दिवशी तिथे पोहोचूच शकत नाही' हे तिने दहा मिनिटांत सिद्ध केले आणि मग आम्हा तिघांना ते फळ्यावर समजावल्यासारखे समजावले.

म्हणूनच शोधक यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. वस्तू म्हणजे केवळ सजावट नव्हे. इंग्रजी मजकुराची चार पाने वाचण्यात जो मागे पडतो, तोच माणूस नाणे, कापडाचा तुकडा किंवा किल्ली हातात घेऊन सर्वांच्या बरोबरीने विचार करू शकतो. 'शेरलॉक होम्स' हा खेळ मी जाणते. तो उत्तम आहे, पण त्यात वाचन फार आहे, आणि मोठ्याने वाचणारी व्यक्ती एकच असेल तर बाकीचे श्रोते होऊन बसतात. सासरे शब्दकोडे सोडवतात ते मराठीतले, हेही विसरू नये. अक्षरांची उलटापालट करणारे इंग्रजी कोडे ही वेगळीच सवय आहे.

अक्षरांचा आकारही पाहावा. जुने दिसावे म्हणून फिक्या पिवळ्या कागदावर फिक्या तपकिरी शाईने बारीक तिरपे हस्ताक्षर छापण्याची या सर्वच मंडळींना हौस असते. आम्ही शेवटी बहिर्वक्र भिंग आणले. आईला ते खेळाचेच साहित्य वाटले.

पेठकर, पुणे

पुण्याला पाठवण्याच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो: पाठवू नका. माझ्या भाच्याने तिकडून असा एक खोका पाठवला होता. टपालाचा खर्च खोक्याच्या किमतीहून अधिक झाला आणि वर इथे सीमाशुल्क भरावे लागले ते निराळेच. पूर्वी भेट म्हणून आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंना शुल्क लागत नसे. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत बंद झाली असून राख्या आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद उरला आहे. त्यापेक्षा सासू-सासरे परत येताना एखादा न उघडलेला डबा सामानात आणतील, तर ते स्वस्तात पडेल. मोबाइलवरचे ॲप आवश्यक असलेला डबा मात्र घेऊ नका, कारण ते ॲप इथे मिळते का आणि चालते का, हे आधी पाहावे लागेल.

मधुमालती, एडिसन (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. वसुधाताई, बोलीचा मुद्दा माझ्या मनात होता, पण तो इतका नेमका मांडता आला नव्हता. पेठकर काका, पुण्याचा बेत रद्द केला.

सध्या असे ठरवले आहे: वर्गणी न घेता ऑक्टोबरसाठी शहरांवरचा एकच खोका मागवते आणि नोव्हेंबरसाठी होम्सचा डबा घेऊन ठेवते, म्हणजे तुलना घरातच होईल. होम्सच्या प्रकरणांचे वाचन पाळीपाळीने करू. सासूबाईंच्या पाळीला मी शेजारी बसेन. एकच शंका उरली आहे. मुलीला अडले की लगेच इशारा बघण्याची सवय आहे आणि सासऱ्यांना इशारा घेणे म्हणजे अपमान वाटतो. या दोघांना एका टेबलावर कसे बसवायचे?

शोधक, बाल्टिमोर

वसुधाताईंचे म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे ज्येष्ठ कधी खेळले नाहीत, त्यामुळे ते माझ्या लक्षात आले नाही. त्या कुलपाविषयीचे मत मात्र कायम आहे.

इशाऱ्यांबाबत आम्ही असा प्रघात पाडला आहे. चांगल्या खोक्यात इशारे तीन पायऱ्यांनी दिलेले असतात: पहिला फक्त कोणता कागद पाहायचा ते सांगतो, दुसरा पद्धत सांगतो आणि तिसरा उत्तर देतो. यांपैकी पहिली पायरी कोणीही, केव्हाही पाहू शकते; तिला आम्ही इशारा मानतच नाही. दुसरीसाठी वीस मिनिटे थांबावे लागते आणि सर्वांची संमती लागते. तिसरी पायरी ज्याला हवी असेल त्याने ती स्वयंपाकघरात जाऊन एकट्याने वाचावी आणि परत आल्यावर तोंड बंद ठेवावे. माझी मुलगी तुमच्या मुलीच्याच वयाची असताना एकदा असे उत्तर वाचून आली, आणि तिच्या काकांना ते सापडेपर्यंत चाळीस मिनिटे उशी तोंडावर धरून बसली होती.