मुलीसाठी लाकडी लाइट बॉक्स घरीच करायचाय, आत लाइट कुठली टाकू?

हौशी_सुतार_पुणे
मुलगी तिसरीत, चित्रांचं भयंकर वेड. आधी खोडाखोड करत रफ काढते आणि मग तो कागद खिडकीच्या काचेला चिकटवून वर कोरा कागद धरून फेअर करते, हात वर करून करून दुखतात आणि अंधार पडला की कार्यक्रम बंद, मग आमच्या डोक्याला कटकट. म्हणून खालून उजेड येणारा, वर कागद ठेवून काढता येईल असा बॉक्स करायचाय. ए४ चे रेडीमेड पातळ एलईडी पॅड मिळतात माहितीये पण घरात किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेले १२ एमएम प्लायचे तुकडे पडलेत आणि खरं सांगायचं तर खुमखुमी मलाच आहे 😄 वर काच टाकू की अ‍ॅक्रेलिक? आणि पीओपी सीलिंगमधली एलईडी पट्टी उरलीय, ती चालेल का आत?

वायरमन_काका
ती सीलिंगची पट्टी आधी बाजूला ठेवा. बहुतेक ती थेट २३० व्होल्टवाली असणार. कापलेलं टोक कुठे उघडं राहिलं तर लहान पोरीच्या हाताखाली तो प्रकार नको. शिवाय स्वस्तातल्या असल्या पट्ट्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही पण मोबाइलचा कॅमेरा धरून बघा, बऱ्याचदा काळे पट्टे सरकताना दिसतील.
१२ व्होल्टची घ्या, २८३५ नंबरची, मीटरला ६० एलईडी. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात कुठेही मिळेल. दर तीन एलईडीनंतर कापायची खूण असते, तिथेच कात्री लावायची. तुम्हाला दीड मीटर पुरे, म्हणजे साधारण ७ वॉट, एक अँपियरच्या आत. जुन्या वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर पडला असेल तर बघा, त्यातले बरेचसे १२ व्होल्ट १ अँपियरच असतात, वर छापलेलं असतं. प्लस मायनस उलटं लागलं तर पट्टी पेटणार नाही, एवढंच.

बोर्डवाला
आमचा धंदाच लाइटच्या बोर्डांचा त्यामुळे राहवत नाही. काच नको. ३ एमएमचं दुधी अ‍ॅक्रेलिक घ्या, नंबरप्लेटवाले मापात कापून देतात.
लोक चुकतात ते खोलीत. बॉक्स पातळ आणि सुबक करायला जातात आणि मग वर एलईडीचे ठिपके न् ठिपके दिसतात, त्यावर पोरगी काय डोंबल काढणार. पट्टीच्या दोन ओळींत जेवढं अंतर तेवढी तरी खोली हवीच. आतलं माप २४ बाय ३३ सेमी धरा, ३० सेमीच्या पाच ओळी, ओळींत ५ सेमी, आणि एलईडीपासून अ‍ॅक्रेलिकपर्यंत ६ सेमी ठेवा. आतून पांढरा मॅट रंग, दोन हात. चांदीचा कागद लावू नका, त्याने चट्टे पडतात.
आणि अ‍ॅक्रेलिक वरून ठोकू नका. आतल्या बाजूने बीडिंग पट्टी (बारीक लाकडी पट्टी) ३ एमएम खाली बसवा, त्यावर शीट ठेवा म्हणजे कडेला मनगट घासणार नाही. चिकटवायचं नाही, पट्टी गेली तर उघडता आलं पाहिजे ना.

चित्रकलेच्या_बाई
स्पष्ट बोलते, राग मानू नका. तिसरीतल्या मुलीला छापून काढायची सवय लावताय. माझ्याकडे एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात, रेष सुबक पण बघून काही काढता येत नाही.

हौशी_सुतार_पुणे
बाई, ती दुसऱ्याचं छापत नाही हो, स्वतःचंच रफ फेअर करते.

चित्रकलेच्या_बाई
मग करा की खुशाल. पण फेअरला कार्ट्रिज पेपर देऊ नका, जाड असतो, खालचं धड दिसत नाही. साधा झेरॉक्सचा ७०-८० जीएसएम कागद द्या आणि खोलीतला मोठा दिवा बंद ठेवा.
आणि एक सुचवते. वरच्या कडेच्या लाकडावर दोन खुंट्या बसवा, मधल्यापासून मधल्यापर्यंत बरोबर ८० एमएम. ऑफिसच्या दोन भोकांच्या पंचचं माप तेच असतं. कागद पंच करून अडकवले की हलत नाहीत, मग पानामागून पान थोडं थोडं बदलून काढायचं आणि फरफर उलटायचं, चित्र चालायला लागतं. ह्यात मुलं तासन्‌तास बसतात.

बोर्डवाला
वा बाई! खुंट्यांना ६ एमएमचं डॉवेल (गोल लाकडी काठी) घ्या, पॉलिश पेपरने जरासं घासा, नाहीतर कागद अडकून फाटेल.

हौशी_सुतार_पुणे
खुंट्या फायनल! वरची पट्टी रुंद ठेवतो. हवेसाठी भोकं पाडू का?

वायरमन_काका
मागच्या बाजूला चार-पाच पाडा, ७ वॉटला फार काही तापत नाही. अ‍ॅडॉप्टर मात्र बाहेरच, आणि वायर आत शिरते तिथे आतून गाठ मारा, पोरं बॉक्स वायरीला धरूनच ओढतात.