वर्खोयान्स्कमध्ये ३८ डिग्री? पोरीले कसं सांगू

आर्वीचा_कास्तकार :
भाऊ लोक, पोरगी सातवीत हाय, तिनं कुठंतरी वाचलं का सायबेरियातल्या वर्खोयान्स्क गावात २० जून २०२० ले ३८ डिग्री तापलं, अन् त्याच गावात १८९२ च्या फेब्रुवारीत उणे ६७.८ होतं. गाव आर्क्टिक सर्कलच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतालच्या पट्ट्याच्या आत हाय म्हणे. आपल्याइथं मे मधले ४५-४६ अन् जानेवारीची थंडी, एवढ्यातच जीव मेटाकुटीला येते, मंग तिथं शंभरावर डिग्रीचा फरक काहून?

भंडारा_तलाव :
दादा, मुख्य गोष्ट म्हणजे समुद्र. पाणी उशिरा तापते अन् उशिरा थंड होते, उन्हाळ्यात रात्री मामा तलावाच्या पाळीवर बसा अन् मंग घरी स्लॅबवर झोपा, फरक कळून जाते. वर्खोयान्स्क जमिनीच्या पोटात हाय, अन् उत्तरेचा समुद्र हिवाळ्यात गोठूनच जाते म्हणून त्याचाही काही उपयोग नाही. जानेवारीची सरासरी उणे ४५ च्या आसपास. नॉर्वेचं ट्रॉम्सो त्याच्याहून उत्तरेला हाय, पण अटलांटिकचा गरम प्रवाह किनाऱ्याले लागून जाते, तिथं जानेवारीत उणे ४ च्या आसपासच, बंदरसुद्धा गोठत नाही!

आर्वीचा_कास्तकार :
हे पटलं. पण सूर्य तर तिकडं खालूनच जाते ना, मंग ३८ कसं?

भूगोल_मॅडम :
खालूनच जातो, पण जूनमध्ये मावळतच नाही ना दादा, चोवीस तास ऊन, अन् बर्फ वितळल्यावर उघडी पडलेली जमीन ते शोषून घेते. डिसेंबरात उलटं, काही दिवस सूर्य उगवतच नाही, गाव याना नदीच्या खोऱ्यात आहे, थंड हवा जड असल्यामुळे तिथेच साचून राहते, वाराही फारसा नसतो. पण ३८ हा तिथला नेहमीचा उन्हाळा नाही हे तिला नक्की सांगा, जुलैची सरासरी १६ च्या आसपास आहे. त्या वर्षी सायबेरियात कितीतरी महिने उष्णता टिकून होती, जंगलं पेटली. जागतिक हवामान संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये हा ३८ चा आकडा आर्क्टिकमधला उच्चांक म्हणून मान्य केला. १९७९ पासून आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय, मला तर वाचूनच धास्ती वाटते.

आर्वीचा_कास्तकार :
मॅडम, पोरगी इथंच बसली हाय, विचारते का जमिनीतला बर्फ वितळला तर घरं नाही खचत का?

भूगोल_मॅडम :
खचतात, तिथली जमीन आतून बारा महिने गोठलेली असते ना, ती वितळली की. म्हणून सायबेरियातल्याच याकुत्स्क शहरात इमारती जमिनीत खोल गाडलेल्या खांबांवर उभ्या करतात, खालून मोकळी हवा खेळती ठेवतात, म्हणजे घरातली ऊब जमिनीला लागत नाही. अन् वर्खोयान्स्कच्याच भागात बातागाय इथे जंगल तोडल्यानंतर जमीन वितळत गेली, आता तिथे एक किलोमीटर लांबीचा खड्डा आहे, अजून वाढतोच आहे. सॅटेलाइट नकाशावर दिसतो, तिला दाखवा.