स्कॉट्स बॅलडमधील पुनरुक्ती: गायकाची सोय की कथनाची रीत?

धागालेखक: स्कॉट्स बॅलडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या पारंपरिक कथागीतांमधील, पुनरुक्ती केवळ पाठांतरासाठी असते, हे मत मला अपुरे वाटते. 'लॉर्ड रँडल'मध्ये आई प्रश्न विचारत राहते आणि मुलगा कडव्यामागून कडव्यात 'शिकारीने थकलो आहे, अंथरूण घाल' एवढेच सांगतो. विषप्रयोग उघड झाल्यावर मात्र शिकारीचा थकवा जाऊन तेथे काळजाची व्यथा येते, आणि उरलेले शब्द तसेच राहतात. ती ओळ आधी इतक्यांदा ऐकलेली नसती, तर हा बदल कानाला जाणवलाच नसता.

प्रतिसाद १: असहमत. आपले उदाहरणच अपवादात्मक आहे, कारण त्यात कडव्यागणिक ओळींच्या शेवटी तेच शब्द येतात आणि यमक जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. रूढ बॅलड छंदात चार ओळी, त्यांत आलटून पालटून चार आणि तीन आघात (म्हणजे जोर देऊन उच्चारलेली अक्षरे; मात्रा मोजायच्या नसतात), आणि यमक फक्त दुसऱ्या व चौथ्या ओळीत. अशा साच्यात ठरीव शब्दसमूह गायकाला ओळ भरून देतात. स्कॉटलंडमधील फॉकलंडच्या गायिका अॅना ब्राऊन यांनी एकच बॅलड 1783 आणि 1800 साली बऱ्याच वेगळ्या शब्दांत दिले, त्यावरून बॅलडचे अभ्यासक डेव्हिड बुकन यांनी अशा गायिका बॅलड दर वेळी नव्याने रचत, असे मांडले.

प्रतिसाद २: बुकन यांचे मत सर्वमान्य नाही, हेही नोंदवायला हवे. शिवाय चाल वगळून आपण दोघेही छापील कागदावर वाद घालत आहात. ही गीते गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, अशी तक्रार स्कॉटिश कवी जेम्स हॉग यांच्या आईने बॅलड गोळा करून छापणाऱ्या वॉल्टर स्कॉट यांच्याकडे केल्याचे हॉग यांनीच लिहून ठेवले आहे.

धागालेखक: चालीचा मुद्दा मान्य. पण अपवादाचा आक्षेप असेल, तर रूढ छंदातलेच 'सर पॅट्रिक स्पेन्स' घ्या. समुद्रावर धाडणाऱ्या राजाच्या पत्राची पहिली ओळ वाचून स्पेन्स मोठ्याने हसतो, पुढची वाचताना डोळ्यांत पाणी येते. वाक्यरचना तीच ठेवून घडलेला हा पालट सोयीपोटी आला, असे म्हणणे कठीण आहे. बॅलडचे संग्राहक थॉमस पर्सी यांनी 1765 साली छापलेल्या पाठात अवघी अकरा कडवी आहेत. त्यांत जहाज बुडाल्याचे पाण्यावर तरंगणाऱ्या टोप्यांवरूनच कळते, आणि किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या स्त्रियांना मात्र जवळपास सारख्याच शब्दांची दोन कडवी दिली आहेत. गायकाला नुसती सोयच पाहायची असती, तर हे दुसरे कडवे गाळणे अधिक सोयीचे नव्हते का?