'झायोनिझम'ला मराठीत काय म्हणायचं?

कोनाडा :
एका अंकासाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. काळ १८९७ ते १९४८. संपादकांनी पहिली दहा पानं परत पाठवली. जिथं जिथं मी 'झायोनिझम' (ज्यूंनी पॅलेस्टाइनात आपलं घर वसवावं ही चळवळ) लिहिलं होतं तिथं तिथं काट मारून 'ज्यू राष्ट्रवाद', आणि समासात शेरा, "मराठी अंकात इझम कशाला?" मुकाट्यानं बदललं असतं, पण चौथ्या पानावर अडले. तिथं बुंद या ज्यू कामगार पक्षाचा उल्लेख आहे. हासुद्धा १८९७चाच, विल्नात स्थापन झालेला. त्यांचं पुढचं म्हणणं असं, की ज्यू हे राष्ट्र आहे, पण त्यासाठी पॅलेस्टाइनला जायचं कारण नाही. जिथं राहतो तिथंच आपली यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली), आपल्या शाळा, आपली स्वायत्तता. आता संपादकांचा शब्द घातला की वाक्य होतं, "बुंदच्या ज्यू राष्ट्रवादानं ज्यू राष्ट्रवादाला कडाडून विरोध केला." काय करू?

तिरकीरेघ :
सीयोनवाद. झायोन म्हणजे यरुशलेमची टेकडी, मराठी बायबलात ती सीयोन आहेच. झावळ्यांच्या रविवारी देवळात 'सीयोनकन्ये' ऐकत लहानाचा मोठा झालो. घरात साखर असताना शेजारी वाटी घेऊन कशाला जायचं?

पाचवा_पूर्णविराम :
बरं झालं विषय निघाला. कित्येक वर्तमानपत्रं 'झिओनिझम' छापतात आणि माझं डोकं उठतं. इकार लागला की मराठीतला झ तालव्य होतो. झिम्मा, झिपऱ्या, झिलई म्हणून बघा. त्यामुळे 'झिओनिझम' हा फुगड्यांच्या शेजारचा प्रकार वाटतो. 'झायोनिझम'मध्ये निदान झाडाचा झ आहे. हिब्रूत मूळ उच्चार त्सियोन. आपल्याकडे चमच्यातला च त्याच्या अगदी जवळचा, पण त्यालाही इकार लावला की त्याची चिमणी होते. नेमका हवा तिथंच दगा देतो.

शेवगा :
उच्चाराचं दळण पुरे. शब्द पाडला कोणी ते बघा. नाथान बिर्नबाउम, व्हिएन्ना, १८९०, स्वतःच्या नियतकालिकात. चळवळीचा पुढारी हर्झल, त्याचं ज्यूंच्या राज्यावरचं पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी आलं. गंमत म्हणजे हाच बिर्नबाउम पुढं आधी यिद्दिशच्या बाजूला गेला, मग कर्मठ झाला आणि राजकीय झायोनिझमच्या विरोधातल्या अगुदत इस्रायल या कर्मठांच्या संघटनेत जाऊन बसला. शब्दाच्या बापानंच शब्दाला घराबाहेर काढलं.

@तिरकीरेघ, तुमच्या सीयोनवादाचं १९०३मध्ये काय कराल? ब्रिटिशांनी ज्यूंना वसायला पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली. नाव युगांडा योजना, जागा आजच्या केनियात. हर्झल म्हणाला, निदान विचार तरी करू. रशियातून आलेले प्रतिनिधी झायोनिस्ट परिषदेच्या सभागृहातून उठून गेले. १९०५मध्ये योजना फेटाळली गेली तेव्हा इंग्रज ज्यू लेखक झँगविल आणि त्याचे लोक वेगळे झाले, जमीन कुठलीही चालेल म्हणणारे. म्हणजे दोन वर्षं सीयोनशिवायचा सीयोनवाद चर्चेत होता.

तिरकीरेघ :
म्हणून तर ते लोक उठून गेले ना! शब्दात सीयोन होता म्हणूनच. माझाच मुद्दा सिद्ध केलात.

शेवगा :
बरं, हा एक तुमचा. पण झायोनिस्टांतलाच विचारवंत अहाद हाअम? त्याला राज्याची घाई नव्हतीच. पॅलेस्टाइनात हिब्रू संस्कृतीचं एक केंद्र व्हावं, त्याच्या उजेडात जगभरचे ज्यू जगतील, एवढंच. आणि १८९७च्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेत, बाझलला, झालेल्या ठरावात तरी 'राज्य' कुठं आहे? पॅलेस्टाइन तेव्हा तुर्की सुलतानाकडं, तो बिथरेल म्हणून 'हाइमश्टेट' हा गुळमुळीत शब्द घातला. घर म्हणा, आसरा म्हणा. ब्रिटिश सरकारनं पाठिंबा दिला त्या १९१७च्या बाल्फोर पत्रातही 'राष्ट्रीय घर'च. राज्याची मागणी उघडपणे अधिकृत झाली ती १९४२मध्ये न्यू यॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात, आणि तिथंही शब्द 'कॉमनवेल्थ'. कोनाडाताई, १९४२च्या आधीच्या पानांवर सरसकट राष्ट्रवाद लिहिलात तर या सगळ्यांच्या भांडणाचा चिखल होईल.

आडवातिडवा :
एवढा कीस काढताय, पण १९४८मध्ये इस्रायल झालं तेव्हा ज्या सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींची घरं गेली, त्यांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय, ते कोणीच विचारत नाही. त्यांना हर्झल आणि अहाद हाअम यांच्यातला फरक शिकवायला जाणार का?

पाचवा_पूर्णविराम :
इथं शब्दाची चर्चा चालू आहे, राजकारण दुसरीकडं.

आडवातिडवा :
राजकीय शब्दाची चर्चा राजकारण वगळून? १९७५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी झायोनिझम हा वंशवाद आणि वांशिक भेदभावाचा एक प्रकार असल्याचा ठराव केला, ७२ विरुद्ध ३५. भारतानं बाजूनं मत दिलं. १९९१मध्ये तोच ठराव रद्द झाला, तेव्हाही भारतानं बाजूनंच मत दिलं, म्हणजे रद्द करण्याच्या बाजूनं. पुढच्या महिन्यात आपण तेल अवीवशी पूर्ण संबंध जोडले. सोळा वर्षांत शब्द बदलला की आपण?

अशदोदवरून :
उशिरा आले, सगळं एका बैठकीत वाचलं. मी इस्रायलमधल्या अशदोदची. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. आजोबांच्या आधीच्या पिढीपर्यंत घाणा होता, शनिवारी तो बंद, म्हणून शनवार तेली. आजीच्या बोलण्यात यापैकी एकही शब्द नव्हता. ती म्हणायची, "यरुशलेमला जायचंय." पंढरपूरला जायचंय म्हणावं तसं. १८९७च्या बाझल परिषदेला मुंबईच्या बेने इस्रायलींनाही बोलावणं होतं. आमच्या लोकांनी नम्रपणे नकार कळवला. देव नेईल तेव्हा जाऊ. मुंबईत झायोनिस्ट संघटना निघाली ती १९२०मध्ये.

मग आम्ही इस्रायलला आलो. १९६०नंतर इथं आमच्या ज्यूपणावरच शंका काढल्या गेल्या, लग्नं अडली. १९६४च्या उन्हाळ्यात आमची माणसं यरुशलेमात धरण्यावर बसली, तेव्हा कुठं सरकार हललं. आजोबांना विचारलं, तुम्ही झायोनिस्ट का? म्हणाले, "आलो ना इथं, आणखी काय दाखवू?"

आणि एक. हिब्रूत त्सियोनुत याचा बोलीतला जुना अर्थ 'फुकटचं देशभक्तीचं प्रवचन'. राज्य झाल्यावर जन्मलेल्या पोरांनी वडीलधाऱ्यांना मारलेला टोमणा. वडील मोठ्यानं बातम्यांवर बोलायला लागले की आई म्हणायची, "बास, त्सियोनुत नको, आमटी निवतेय." राजकारणात मात्र उलट. २०१५मध्ये मजूर पक्ष आणि त्याचे सोबती 'त्सियोनी छावणी' नावानं निवडणूक लढले, आणि २०२१पासून 'धार्मिक त्सियोनुत' नावाचा पक्ष आहे तो पार दुसऱ्या टोकाचा, वेस्ट बँकेतल्या वसाहतवाल्यांचा. दोघांनाही पाटी तीच हवी.

कोनाडा :
आमटीचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. पण माझं चौथं पान?

तिरकीरेघ :
भाषाशुद्धीवाल्या सावरकरांना ज्यूंच्या राज्याबद्दल भारी आस्था. त्यांनी प्रतिशब्द दिलाय का, कोणाला आठवतं? आणि सीयोन परका वाटतो म्हणणाऱ्यांनी मध्य रेल्वेवर जाऊन बघावं. सायन स्टेशन म्हणजे तेच. पोर्तुगीज काळात पाद्र्यांनी टेकडीवर सीयोनच्या नावानं प्रार्थनाघर बांधलं होतं.

पाचवा_पूर्णविराम :
हे मात्र अजिबात नाही! ते शीव. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती जागा. इंग्रजांनी किल्ला बांधला तोसुद्धा हद्द राखायलाच. शीवचं सायन झालं, सीयोनचं नव्हे. स्टेशनावरची मराठी पाटी वाचा.

तिरकीरेघ :
पाटी काल लावली. चिमाजी आप्पांच्या आधीपासून माझी माणसं वसईत आहेत, साहेब.

शेवगा :
शीवच असणार. पुरावा रोज डोळ्यांसमोर आहे. आजही रिक्षा सायनपर्यंतच येते, पुढं टॅक्सी करावी लागते. हद्द अजून हललेली नाही.

अशदोदवरून :
आमचे काका सायनला राहायचे. पत्त्यात 'शीव' लिहिलं की आठवडा जास्त लागायचा.

कोनाडा :
संपादकांचा फोन येऊन गेला. लेखभर 'ज्यू राष्ट्रवाद' कायम, फक्त बुंदच्या वाक्यात 'झायोनिझम' चालेल म्हणाले, "तेही अवतरणात घाला."

पाचवा_पूर्णविराम :
झाडाचा झ ना? मग ठीक. @तिरकीरेघ, त्या प्रार्थनाघराचं साल सांगा आधी.