नेगेवच्या वाळवंटात दिवसभराची पायपीट: मुलाची तयारी कशी करावी?

प्रश्न (नाशिकरोडहून एक आई)
नमस्कार. आम्ही बेने इस्राएल. सासर रेवदंड्याकडचे, वास्तव्य नाशिकरोडला. माझा १७ वर्षांचा मुलगा मार्चमध्ये ज्यू तरुणांच्या सहलीबरोबर इस्राएलला जाणार असून, त्यातला एक पूर्ण दिवस नेगेवमधल्या मख्तेश रामोन या प्रचंड विवरात चालण्याचा आहे. हरिहरच्या खड्या पायऱ्या तो न थांबता चढतो, त्यामुळे पायांची काळजी नाही. मात्र पाणी पिण्याचा त्याला मनापासून कंटाळा आहे. शाळेत नेलेली बाटली संध्याकाळी भरलेली तशीच परत येत असे. सूचनापत्रात टोपी आणि प्रत्येकी किमान ३ लिटर पाणी सक्तीचे म्हटले आहे. एवढे पाणी खरोखर लागते का? शिवाय वाट काही ठिकाणी कोरड्या नदीपात्रातून जाते, हे वाचून जी धास्ती वाटते ती अनाठायी आहे का?

उत्तर १ (कॉलेज रोड)
ताई, ३ लिटर ही किमान मर्यादा समजा. ऊन कडक असेल तर दिवसभराला ४ ते ५ लिटरही लागतात. अशाच एका सहलीत मी स्वतः हा धडा शिकलो. रेवदंड्याच्या दमट हवेत सदरा पाठीला चिकटतो आणि घाम येतो आहे हे आपोआप कळते. वाळवंटात मात्र घाम येताक्षणी उडून जातो, कातडी कोरडीच राहते, आणि आपल्याला काहीच होत नाही असे वाटत राहते. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा माझे डोके ठणकत होते आणि पावाचा घास घशाखाली उतरत नव्हता. आमच्या मदरिखने, म्हणजे गटप्रमुखाने, पाठपिशवी उघडली तर तीनपैकी दोन बाटल्यांची झाकणेही उघडलेली नव्हती. त्याने मला बाभळीच्या कुळातल्या एका झाडाच्या विरळ सावलीत बसवले आणि घोट घोट पाणी पाजले. माझ्या निळ्या टोपीच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती, ती मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. म्हणून मुलाला तहानेवर विसंबू देऊ नका. दर वीस मिनिटांनी चार घोट, ही सवय त्याला आतापासून लावा. सोबत इलेक्ट्रॉलच्या पुड्या आणि खारे शेंगदाणे द्या, कारण घामावाटे मीठही जाते.

उत्तर २ (पंचवटी)
नदीपात्राची धास्ती अनाठायी नाही, पण ती नेमकी कशाची बाळगायची हे कळले पाहिजे. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशकात थेंबही नसताना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलेले आपण पाहतो, कारण पाऊस वर त्र्यंबकच्या बाजूला पडलेला असतो. नेगेवमध्ये तर मध्ये धरणही नसते. तिथली जमीन पाणी चटकन मुरू देत नाही, त्यामुळे लांबच्या डोंगरावरचा पाऊस अरुंद घळीतून भिंतीसारखा धावत येतो आणि डोक्यावरचे आकाश त्या वेळी निरभ्र असू शकते. २६ एप्रिल २०१८ रोजी नहल त्सफीत या कोरड्या नदीपात्रात १० तरुण-तरुणी अशाच पुरात मृत्युमुखी पडले. पावसाचा इशारा असूनही ती सहल रद्द झाली नव्हती. मार्च महिनाही या पुरांच्या हंगामातच येतो. तेव्हा संयोजकांना स्पष्ट विचारा की इशारा आल्यास पर्यायी मार्ग कोणता ठरला आहे. हे विचारण्यात संकोच मुळीच नको.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. संयोजकांना आजच पत्र लिहिते. तयारीसाठी पांडवलेणी पुरेशी होईल का?

उत्तर १ (कॉलेज रोड)
पांडवलेणी फार लवकर संपतात, ताई. रविवारी अंजनेरीला न्या आणि पाठीवर भरलेल्या ४ लिटरच्या बाटल्या द्या. ते ४ किलो वजन सुरुवातीला जड वाटते. मख्तेश रामोन सुमारे ४० किलोमीटर लांब आणि ५०० मीटर खोल आहे. उल्का पडून नव्हे, तर झिजेने तयार झालेले हे विवर आहे, त्यामुळे कडा उतरताना पायाखाली सुटे दगड येतात आणि गुडघ्यांची परीक्षा चढापेक्षा उतारावरच होते. नवे बूट असतील तर ते याच रविवारपासून वापरायला काढा. आणि अंजनेरीहून परतल्यावर बाटल्या तुम्ही स्वतः तपासा. त्या रिकाम्या असल्या पाहिजेत.