नवा कॉम्प्युटर जोडला, पण सकाळी सुरू व्हायला चार मिनिटं लावून राहिला. मदत हवी आहे

कपाशीवाला (धागाकर्ता):

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शेती आहेच, सोबत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. जुना कॉम्प्युटर २०१४ चा, दुकानातून तयार आणलेला, विंडोज ८ वाला. पुढे त्यावर १० टाकली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि ११ त्या मशीनवर चढत नव्हती, प्रोसेसरही जुना आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण नाही. कापूस विकल्यावर बाबा एकदाचे हो म्हणाले. मग काही पार्ट नागपूरहून सीताबर्डीतून आणले, काही कुरिअरनं मागवले आणि व्हिडिओ पाहून पाहून घरीच जोडला.

रायझन ५ ७६००, बी ६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर ५ रॅम (पाकिटावर ६००० लिहिलंय), १ टीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवरच लागणारी वेगवान एसएसडी), ५५० वॉटची पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच वापरतो. जुन्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क पण याच्यातच लावली, कारण सगळे फोटो तिच्यात आहेत.

त्रास असा. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डची लाईट लागते, पण स्क्रीन काळी ती काळीच. दोन-अडीच मिनिटांनी लोगो येतो, मग विंडोजची चक्री गरगर फिरत राहते. सगळं मिळून चार मिनिटं. माझा २०१४ वाला डबा दोन मिनिटांत उघडत होता हो! बाबा रोज सकाळी विचारतात, "झाला का सुरू तुझा पन्नास हजाराचा?" आता त्यांना काय सांगू.

स्टार्टअपमधले सगळे प्रोग्राम बंद करून पाहिले. फास्ट स्टार्टअप चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं. काही फरक नाही. दुपारी बंद करून परत लावला तर बराच लवकर होते. सकाळीच त्याच्या जिवावर येते.

तूरडाळ:

फॉर्मॅट मार भाऊ.

निंबाचा पार:

अबे काऊन फॉर्मॅट मारतं, नवाच तं हाय तो! भाऊ, रॅम काढजा, सोनेरी पट्टी खोडरबरानं घासजा अन परत लावजा. आमच्याकडं धा पैकी सहा कॉम्प्युटर यानंच सुधरते. आन गर्मी पाहजा किती हाय ते. चव्वेचाळीसात माणूस सुरू होत नाई सकाळी, मशीन कायचं होते.

कपाशीवाला:

निंबाचा पार भाऊ, सकाळी सहा वाजता लावतो, तेव्हा गर्मी नसते. उलट दुपारी कूलर चालू असताना तो चांगला चालते. रॅम काढून घासल्या, परत लावल्या. त्यानंतर तर पहिल्यांदा पाच मिनिटं स्क्रीनच आली नाही, जीव खाली गेला होता. मग आली. पण रोजचं रडगाणं तेच.

जुना स्क्रू:

रॅम काढून लावल्यावर जो उशीर झाला तो दोष नाही, घाबरू नका. डीडीआर ५ मध्ये मदरबोर्ड आधी रॅमशी सूर जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. वेग, व्होल्टेज, सिग्नलची वेळ, हे सगळं तपासून बघतो आणि तोवर स्क्रीन काळी असते. नवी रॅम लावली किंवा बायोसची (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग पुसली गेली की हे होणारच, काही मिनिटंसुद्धा लागतात. एकदा जुळलं की तो ते लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी परत करायचं काम नसतं. तुमचा रोज सकाळी विसरतोय असं मला वाटतंय. पण वाटण्यावर काम करू नका, आधी मोजा.

मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि दोन आकडे वेगळे लिहून काढा. बटणापासून लोगोपर्यंत किती, आणि लोगोपासून पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत किती. पहिल्या भागाशी विंडोजचा काडीचा संबंध नाही, म्हणून तुम्ही स्टार्टअपचे प्रोग्राम बंद करून काहीच हाती लागलं नाही. सकाळी एकदा मोजा, दुपारी एकदा. दुपारी मोजताना शट डाउन नको, रीस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धी डिस्कवर झोपवून ठेवलेली असते.

आणि काळी स्क्रीन असताना कॅबिनेटची बाजू उघडून बघा. बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट असे चार बारके दिवे असतात. कोणता लागून राहतो ते सांगा.

कपाशीवाला:

मोजलं दादा.

सकाळी: लोगोपर्यंत २ मिनिटं ३५ सेकंद, लोगोपासून पासवर्डपर्यंत १ मिनिट २५ सेकंद.
दुपारी रीस्टार्ट: लोगोपर्यंत २४ सेकंद, पुढे १ मिनिट २० सेकंद.

सकाळी डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहते, बाकीचे नाही.

अजून एक, सांगायचं राहूनच गेलं. लोगोनंतर एक निळी पाटी येते, तिच्यात दोन विंडोज दिसतात, १० आणि ११. काही नाही दाबलं तर थोड्या वेळानं ११ आपोआप सुरू होते. मी तिकडे लक्षच देत नव्हतो.

जुना स्क्रू:

म्हणजे आजार एक नाही, दोन आहेत. सकाळ-दुपार फरक फक्त पहिल्या भागात पडतोय. दुसरा भाग दोन्ही वेळेला सारखाच मंद. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका.

निळ्या पाटीचं आधी. विंडोज ११ टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली होती ना? विंडोज ८ सोबत तयार मिळालेल्या मशीनच्या डिस्कवर बहुतेक वेळा ईएफआय नावाचा छोटासा कप्पा असतो, बूटची फाइल त्यात राहते. इन्स्टॉलरला तो आयताच सापडला, त्यानं नव्या विंडोजची चावी तिथंच ठेवली. म्हणजे घर एनव्हीएमईवर आणि कुलपाची चावी बारा वर्षांच्या डिस्कवर. ती निळी पाटी मुळात ३० सेकंद वाट पाहते, तुमचे ८५ पैकी ३० तिथंच गेले. उरलेले जुनी डिस्क खात असावी. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून तिची तब्येत बघा.

शाईची दौत:

नमस्कार, मध्येच बोलते. डिस्कची तब्येत बघा, पण त्याआधी त्यातले फोटो कॉपी करून घ्या. आणि चेकडिस्क आत्ता मुळीच चालवू नका. डिस्क खरंच जात असेल तर चेकडिस्क तिच्यावर उलट ताण टाकतं आणि दुरुस्तीच्या नावाखाली फाइली इकडच्या तिकडे होतात. सगळं एकदम ओढू नका, जे परत काढता येणार नाहीत ते फोटो आधी. माझ्या भावाचे पाच वर्षांचे फोटो याच घाईत गेलेत, म्हणून सांगते.

कपाशीवाला:

ताई, तुमचं ऐकलं ते बरं झालं. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा झाला, सावधान म्हणते, आणि सी ५ च्या ओळीत (डिस्कचे वाचताना अडणारे भाग मोजते ती) शून्य नाही. आजीचे फोटो आधी काढले, तिचे तेवढेच आहेत आमच्याकडे. मग गिऱ्हाइकांचे. दोनशे ऐंशी जीबीला अख्खी रात्र गेली. एका लग्नाच्या फोल्डरवर तर कॉपी अशी अडकली की वाटलं संपलं. पण तीन फोटो सोडले तर सगळं आलं, आणि ते तिन्ही जेवणाच्या पंगतीचे होते, कोणी विचारणार नाही.

सकाळी डिस्कची वायर काढून मशीन लावलं तर विंडोज सुरूच नाही झाली, बूट करायला डिस्क सापडत नाही म्हणे. म्हणजे चावी खरंच तिकडंच होती.

जुना स्क्रू:

बूटचा कप्पा कमांड देऊन एनव्हीएमईवर नव्यानं बनवता येतो. पण तुमचं मशीन नवंच आहे, फार प्रोग्राम टाकलेले नसतील. जुनी डिस्क काढलेलीच ठेवा आणि विंडोज पहिल्यापासून टाका. फोटो कुठं कॉपी केलेत ते मात्र बघून घ्या. एनव्हीएमईवरच असतील तर ती पुसण्याआधी बाहेर हलवा.

तूरडाळ:

मी पहिल्याच प्रतिसादात फॉर्मॅट मार म्हटलं होतं. नोंद असू द्या.

कपाशीवाला:

तूरडाळ भाऊ, तुमचं खरं झालं, पण चुकीच्या कारणानं :)

फोटो बाहेरच्या डिस्कवर होते. विंडोज परत टाकली. आता लोगोपासून पासवर्डपर्यंत १३ सेकंद. निळी पाटी गेली. पण सकाळची काळी स्क्रीन जशीच्या तशी, आजही २ मिनिटं ३५.

जुना स्क्रू:

आता पहिला आजार. तीन प्रश्न, नीट बघून उत्तर द्या. रात्री मशीन बंद केल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करता का? सकाळी सुरू झाल्यावर तारीख-वेळ बरोबर असते का? आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग किती दिसतो?

कपाशीवाला:

बोर्डाचं बटण तर बंद करतोच. आमच्याकडे रात्री व्होल्टेज कधी काय होईल सांगता येत नाही, आणि अवकाळी पाऊस आला की वीज कडाडते. आई झोपायच्या आधी स्वतः पाहते बंद केलं का ते. दुपारी मात्र चालूच राहते.

वेळ चुकलेली असते. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं तरी आधी थोडा वेळ ब्राउझर कोणतीच साइट उघडत नाही, सर्टिफिकेटचं काहीतरी बोंबलते. मग नेटवरून वेळ आपोआप सुधरते, म्हणून मला ते नेटचंच वाटलं.

मेमरी ४८००. मी बायोसमध्ये एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगानं चालवायची सेटिंग) चालू करून ६००० केली होती, दोनदा केली. आपोआप ४८०० होऊन जाते.

जुना स्क्रू:

सापडलं. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. मशीनला वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग तो सांभाळतो. तुमचा सेल गेला आहे. दुपारी बोर्डाचं बटण चालू असतं तेव्हा पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते, म्हणून सेल मेलेला असला तरी काही बिघडत नाही. रात्री आई बटण बंद करतात, घड्याळ पुसलं जातं, एक्सपो जातं, रॅमचं जुळवलेलंही जातं. सकाळी मदरबोर्ड पहिल्या दिवसासारखा उठतो आणि सगळं नव्यानं करतो. ४८०० म्हणजे डीडीआर ५ चा मुळातला वेग, सेटिंग पुसल्याची ती खूणच.

आईंना बटण बंद करूच द्या, त्यांचं बरोबर आहे. सेल बदला.

निंबाचा पार:

नव्या मशीनचा सेल कसा काय जाते बा?

जुना स्क्रू:

मशीन नवी, पण मदरबोर्ड डब्यात किती दिवस पडून होता कोणाला माहीत. डब्यातही सेल थोडा थोडा झिजतोच. मीटर असेल तर मोजा, चांगला सेल ३ व्होल्टच्या आसपास असतो.

कपाशीवाला:

गावात मोटर वाइंडिंगवाल्याकडे मीटर आहे. त्यानं सेल उलटसुलट पाहिला, म्हणे पंपाचं स्टार्टर आणायचं सोडून हे काय आणलं. १.८ निघाला. दारव्ह्याला घड्याळवाल्याकडून नवा आणला, चाळीस रुपये. लावताना वायर काढून ठेवली होती, लिहिलेली बाजू वर.

पहिल्यांदा परत अडीच मिनिटं घेतली. एक्सपो चालू केल्यावर आणखी एकदा काळी स्क्रीन. तुम्ही सांगितलं होतं म्हणून हात लावला नाही, बसून राहिलो. रात्री आईनं बटण बंद केलं. आज सकाळी लोगोपर्यंत २६ सेकंद, पुढे १३. वेळ बरोबर, मेमरी ६०००. बाबा चहाचा कप घेऊन आले तोवर फोटोशॉप उघडलं होतं. काही बोलले नाहीत, नुसते पाहून गेले.

एक शेवटचं विचारतो. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रीस्टोर म्हणून एक आहे, ते ऑटोवर आहे. एका व्हिडिओत बंद करा म्हणतात, एकात चालू करा. काय करू?

जुना स्क्रू:

तेच जुळवलेलं लक्षात ठेवण्याचं बटण आहे. बंद केलंत तर रोज सकाळी परत तीच काळी स्क्रीन. २६ सेकंदांत येतंय म्हणजे ऑटोमध्ये ते चालूच आहे, हात लावू नका. पुढं कधी काम करताना निळी स्क्रीन येऊन मशीन पडायला लागली, तर त्याच्याच जवळ पॉवर डाउन नावाची सेटिंग असेल, तीही चालू आहे का ते बघा, दोन्ही सोबत लागतात. तरी पडत राहिली तर एक्सपो काढून दोन दिवस ४८०० वर चालवा आणि इथंच लिहा.

जुनी डिस्क मशीनमध्ये परत लावू नका.

कपाशीवाला:

नाही लावत. आईनं ती कपाटात फडक्यात बांधून ठेवली आहे, आजीचे फोटो त्यात आहेत म्हणून. कॉपी झाले म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही.