पहिलं शीतपेय : कोक की पेप्सी?

अंतराळाबद्दलच्या क्विझमधल्या दाव्यांची एक यादी आहे. टँग, म्हणजे पाण्यात कालवायची संत्र्याच्या चवीची पेय-पूड, नासाने शोधलं हा दावा तिच्यात खोडला गेला ते बरं झालं. जनरल फूड्सने ते १९५९ मध्येच बाजारात आणलं होतं आणि ज्यात टँग वर गेलं ते अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनचं उड्डाण झालं १९६२ मध्ये. पण त्याच यादीतलं 'अंतराळात गेलेलं पहिलं शीतपेय म्हणजे कोक' हे वाक्य तसंच सुटलंय, आणि ते अर्धवट आहे. १९८५ च्या जुलैअखेरीस चॅलेंजर यानाच्या एसटीएस-५१-एफ मोहिमेत कोक आणि पेप्सी, दोन्हींचे कॅन एकाच उड्डाणात वर गेले. कोकच्या कॅनला खास झडप बसवली होती. पेप्सीचा कॅन थेट शेव्हिंग क्रीमच्या डब्यासारखा. यानात फ्रिज नव्हता, त्यामुळे दोन्ही कोमटच प्यावी लागली.

कोला तिथे का रुजला नाही, हे मात्र कुठल्याच क्विझमध्ये विचारत नाहीत. वजनरहित अवस्थेत बुडबुडे वर येत नाहीत, द्रवातच अडकून राहतात. पोटातही तेच. वायू आणि द्रव वेगळे होत नाहीत, त्यामुळे ढेकर द्यायला जावं तर पोटातलं पाणीही घशाशी येतं.

आणि ही मोहीम कोलासाठी नव्हतीच हो! चढताना तीनपैकी एक मुख्य इंजिन बंद पडलं, यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेलं, तरीही सूर्याची निरीक्षणं पार पडली. क्विझवाल्यांनी खरं तर यावर प्रश्न काढावा.